रॅम वाढवल्यावर कॉम्प्युटर हँग का होतो?

बिदर जिल्ह्यातल्या जुन्या औराद तालुक्यातलं ठाणाकुशनूर हे होबळीचं (महसुली मंडळाचं) गाव. आसपासच्या खेड्यांतली माणसं पहाणीचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, जात-उत्पन्नाचा दाखला, पीक विम्याचा अर्ज, मुलांच्या परीक्षेचं हॉलतिकीट अशा कामांसाठी अशा गावाला येतात, आणि यातलं एकही काम आता कॉम्प्युटरशिवाय होत नाही. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे ६७ लाख खातेदारांचे २ कोटी उतारे संगणकावर चढवले, त्याला दोन दशकं होऊन गेली. सीमाभागातल्या ऑनलाइन सेंटरवर एकाच मशिनवर कन्नडसाठी ‘नुडी’ असतं, मराठी लग्नपत्रिकेसाठी ‘श्रीलिपी’ असते, बाजूला ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडे असतात आणि स्कॅनर-प्रिंटरचं काम चालूच असतं. हे सगळं ४ जीबी रॅममध्ये बसत नाही. मशीन सावकाश चालू लागतं आणि मालक ठरवतो की रॅम वाढवायची, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकायची.

हा निर्णय बरोबरच असतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नियमित आधार बंद केला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, तो जुन्या मशिनमध्ये नाही आणि नव्या मशिनचे पैसे लगेच उभे राहत नाहीत. म्हणून आहे त्यातच भर घालायची. उदगीरला, बिदरला किंवा सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला चक्कर होते, वापरलेली रॅमची पट्टी मिळते, एसएसडी मिळते, दोन्ही बसतात आणि पहिल्या दिवशी मशीन सुसाट चालतं. मग तक्रार सुरू होते: ‘मधेच हँग मारतंय.’ अर्ज अर्धा भरला की पडदा थिजतो, माउस हलत नाही, शेवटी बटण दाबून बंद करावं लागतं. आणि जवळजवळ प्रत्येक वेळी पहिला उपाय एकच सुचवला जातो, फॉरमॅट मारून बघू.

हा उपाय चुकीचा आहे, आणि माझं म्हणणं आहे की तो धोक्याचाही आहे. रॅममध्ये खोट असताना विंडोज नव्याने टाकलं, तर त्याच्या फायली त्याच खोट असलेल्या रॅममधून एसएसडीवर जातात. मूळ दोष जागेवर राहतो आणि वर नवं विंडोजही बिघडलेलं बसू शकतं. शिवाय मशीन हँग होणं हे त्यातल्या त्यात बरं लक्षण आहे, कारण ते डोळ्यांना दिसतं. खराब रॅम न थांबता चालत राहिली तर हिशेबाच्या फायलीतला एखादा आकडा, स्कॅन केलेल्या कागदाचा एखादा भाग किंवा फोटोंचा बॅकअप गुपचूप बिघडवू शकते. पहाणीची मूळ नोंद सरकारी सर्व्हरवर असते, तिला तुमच्या रॅममुळे काही होत नाही. पण सेंटरवाल्याची उधारीची वही, शाळेची गुणपत्रकं, पतसंस्थेची खाती त्याच मशिनवर असतात.

असं का होतं हे कळायला रॅमच्या आत डोकवावं लागतं. आज आपण वापरतो ती डायनॅमिक रॅम आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची कल्पना. तिचं पेटंट १९६८ साली मिळालं आणि इंटेलने १९७० मध्ये ‘११०३’ ही चिप बाजारात आणली. एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक अतिसूक्ष्म कपॅसिटर लागतो. कपॅसिटरमध्ये विजेचा भार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा कपॅसिटर तडा गेलेल्या रांजणासारखा असतो, भरून ठेवला तरी झिरपत राहतो. म्हणून रॅममधल्या प्रत्येक ओळीतला भार दर ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावा लागतो. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं की गळती वाढते आणि हेच काम ३२ मिलिसेकंदांत उरकावं लागतं. ८ जीबीच्या एका पट्टीत असे ६,८७१ कोटींहून जास्त बिट असतात. त्यातला एखादाच कपॅसिटर कमकुवत निघाला, तर तो बिट कधी टिकतो, कधी टिकत नाही. त्या जागी रिकामी मेमरी असेल तर काहीच घडत नाही. तिथे विंडोजच्या गाभ्याची एखादी सूचना येऊन बसली की प्रोसेसर भलत्याच ठिकाणी उडी मारतो आणि मशीन थिजतं. ‘कधी तासभर चालतं, कधी पाच मिनिटांत अडकतं’ ही जी नेहमीची तक्रार असते, तिचं कारण हेच आहे. रॅममध्ये कोणत्या जागी काय जाऊन बसेल हे दर वेळी वेगळं असतं.

बिट उलटण्याचं दुसरंही कारण आहे. १९७८ साली इंटेलच्या टिमोथी मे आणि मरी वुड्स यांनी दाखवून दिलं, की चिपच्या वेष्टनातल्या किरणोत्सारी अंशांतून निघणारे अल्फा कण बिट उलटवू शकतात. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळेही हे होतं. मे २००३ मध्ये बेल्जियमच्या स्खारबेक इथे इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत एका उमेदवाराला नेमकी ४,०९६ मतं जास्त पडलेली दिसली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात तेरावा बिट शून्याचा एक झाला. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही, तेव्हा तपासणाऱ्यांनी इतर शक्यता बाद करत बिट आपोआप उलटल्याचा निष्कर्ष काढला. ते मशीन हँग झालं नव्हतं. ते शांतपणे चुकीचा आकडा दाखवत होतं, आणि तो आकडा शक्य असलेल्या मतांपेक्षा मोठा निघाला म्हणून पकडला गेला.

तरी आपल्या मशिनच्या बाबतीत अवकाशाकडे बोट दाखवण्याचं कारण नाही. २००९ मध्ये बियांका श्रोएडर आणि गूगलमधल्या सहकाऱ्यांनी गूगलच्या सर्व्हरांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशिनांवर आणि ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांवर किमान एक चूक नोंदली गेली होती. महत्त्वाची गोष्ट अशी, की या चुकांमागे बहुतांशी चिपमधलाच कायमचा दोष असावा असं त्यांना आढळलं. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा पुन्हा चुकत होती. सर्व्हरच्या रॅममध्ये चूक ओळखून सुधारणारी ईसीसी सोय असते. आपल्या टेबलावरच्या मशिनमध्ये ती नसते, म्हणून तिथे चूक होते ती तशीच पुढे जाते.

पण रॅम खराब नसूनही बेजोड असू शकते, आणि वापरलेल्या पट्ट्यांच्या बाजारात हे फार होतं. २०२५ च्या अखेरीपासून नव्या रॅमचे भाव कडाडले आहेत, तेव्हा जुन्या पट्टीकडे हात वळणारच. ती घेताना लेबल वाचायला शिका. समजा लेबलवर ‘८जीबी २आरएक्स८ पीसी३एल-१२८००यू’ असं छापलंय. ‘पीसी३’ म्हणजे डीडीआर३. त्यापुढचा ‘एल’ म्हणजे ती १.३५ व्होल्टवर चालते. साध्या डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात. काही लॅपटॉप फक्त १.३५ व्होल्टच पुरवतात. त्यात साधी पट्टी घातली तर मशीन चालूच होत नाही, किंवा चालू होऊन मधेच दगा देतं. ‘१२८००’ म्हणजे सेकंदाला १२,८०० मेगाबाइट, यालाच दुकानदार १६०० ची रॅम म्हणतात. ‘१०६००’ लिहिलं असेल तर ती १३३३ ची. दोन वेगळ्या वेगाच्या पट्ट्या सोबत लावल्या तर दोन्ही कमी वेगाने चालायला हव्यात, आणि बहुधा चालतातही.

शेवटचं अक्षर सगळ्यांत महत्त्वाचं. ‘यू’ म्हणजे साधी डेस्कटॉपची रॅम, ‘आर’ म्हणजे सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम. सर्व्हर मोडीत निघाले की ‘आर’वाल्या पट्ट्या फार स्वस्तात मिळतात. त्या डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये बसतात, पण घरगुती बोर्डावर चालत नाहीत.

आणि ‘२आरएक्स८’? यातला ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ८ बिट देते. प्रोसेसरला एका वेळी ६४ बिट लागतात, म्हणून ८ चिपचा एक गट, आणि ‘२आर’ म्हणजे असे दोन गट, दोन्ही मिळून १६ चिप. बाजारात ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून ज्या स्वस्त डीडीआर३ पट्ट्या येतात, त्यांच्या चिप ‘एक्स४’ असतात. इंटेलच्या घरगुती बोर्डाला त्या पेलत नाहीत. विकणारा हे सांगेलच असं नाही, म्हणून पट्टी हातात घेऊन लेबल स्वतः बघा. लेबल खरवडलेलं किंवा मिटलेलं असेल तर ती पट्टी घेऊ नका, कितीही स्वस्त असली तरी.

आता शोध कसा घ्यायचा ते. पहिली गोष्ट, मशीन थिजलं की लगेच पॉवरचं बटण दाबू नका. कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत नसेल, तर प्रोसेसरपर्यंत काहीच पोहोचत नाही. हा पक्का हँग, आणि संशय रॅम, बोर्ड किंवा वीजपुरवठ्यावर. दिवा लागतो, माउसही हलतो, पण खिडक्या उघडत नाहीत आणि मिनिटभराने सगळं एकदम सुरू होतं, तर बोट एसएसडीकडे किंवा तिच्या केबलकडे वळवा. मशीन थिजत नाही, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतं, तर एसएमपीएस (मशिनला वीज देणारा डबा) किंवा तापमान बघा. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा शोध लागतो, आणि पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट, मागे जा. एकाच दिवशी रॅम, एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर सगळ्यांवर एकदम संशय घेऊन काही हाती लागत नाही. नवी रॅम काढा, जुनी एकटी ठेवा, आणि ज्या कामात मशीन अडकत होतं तेच काम करा. अडकलं नाही, तर आता जुनी काढून नवी एकटी लावा, तीही त्याच स्लॉटमध्ये. मग दुसऱ्या स्लॉटमध्ये. दर वेळी एकच बदल, आणि तो कागदावर लिहून ठेवा. पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये बिघाड दाखवते तर पट्टी खराब. कुठलीही पट्टी एकाच ठरावीक स्लॉटमध्ये बिघाड दाखवते तर स्लॉट किंवा बोर्ड. दोन्ही एकेकट्या ठीक चालतात पण जोडीने अडकतात, तर त्या एकमेकींशी जुळत नाहीत. वेग खाली आणा, नाहीतर एकाच मेकची जोडी घ्या.

काढण्या-घालण्याच्या कामात घाई करू नये. कॉम्प्युटर बंद करा, आणि तो बंद करताना शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ निवडा. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे नेहमीच्या शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उठवला जातो, शिफ्ट दाबली की तो पूर्ण बंद होतो. मग पिन भिंतीतून काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत राहिलेला भार उतरेल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून घ्या, पट्टी कडांनी धरा. सोनेरी पट्ट्यांवर बोट टेकवू नका. त्या काळवंडल्या असतील तर आपल्याकडे खोडरबर घासायची पद्धत आहे. पांढरा, मऊ रबर हलक्या हाताने फिरवला तर चालतं, पण त्यावरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती कापड केव्हाही चांगलं. तुरीच्या काढणीच्या दिवसांत या भागात हवेत बारीक धूळ भरून असते, ती स्लॉटच्या खाचेत जाऊन बसते; ब्लोअरने ती आधी उडवा. पट्टी बसवताना तिची खाच आणि स्लॉटमधला उंचवटा जुळवा, दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या, आणि दोन्हीकडच्या क्लिपा ‘खट्’ करून बंद झाल्याचं कानाने ऐका. एका बाजूने केसभर वर राहिलेली पट्टीसुद्धा मशीन चालू करते आणि नंतर गरम झाल्यावर दगा देते.

तिसरी गोष्ट, चाचणी. विंडोजमध्ये शोधपट्टीत ‘मेमरी डायग्नोस्टिक’ टाकलं की त्याचीच चाचणी मिळते. पहिला अंदाज घ्यायला ती पुरते. पण खरा भरवसा ‘मेमटेस्ट८६’ किंवा मुक्त स्रोत असलेल्या ‘मेमटेस्ट८६ प्लस’वर. ही पेन ड्राइव्हवरून, विंडोजच्या बाहेर चालतात. रॅममधल्या जवळजवळ प्रत्येक जागी ठरावीक नमुने लिहून पुन्हा वाचून पाहतात. किमान चार फेऱ्या होऊ द्या. त्याला काही तास लागतात, तेव्हा रात्री लावून ठेवणं सोयीचं. निकाल वाचायला सोपा आहे, लाल अक्षरात एकही चूक दिसली तरी ती पट्टी नापास. ‘एवढ्याने काय होतंय’ असं इथे चालत नाही. चुका दर वेळी त्याच पत्त्यावर येत असतील तर बहुधा चिपमधला ठरावीक कपॅसिटर गेला आहे. पत्ते बदलत असतील तर जुळणीकडे, व्होल्टेजकडे किंवा वेगाच्या सेटिंगकडे बघा. बायॉसमध्ये रॅमचा वेग वाढवणारी ‘एक्सएमपी’ सेटिंग चालू असेल तर बंद करा. हँग दुपारी उन्हाच्या वेळीच होत असेल तर एक चाचणी दुपारीही घ्या, कारण गारव्यात पास झालेली पट्टी तापल्यावर नापास होऊ शकते.

चाचणी स्वच्छ आली, तर रॅमला दोष देणं थांबवा. मग कॅबिनेट उघडताना काय हललं ते पाहा. इंटेलच्या मूळ कुलरला चार प्लास्टिकच्या पिना असतात. रॅम काढताना हाताचा धक्का लागून त्यातली एखादी सैल झाली, तर प्रोसेसर तापतो आणि मशीन आधी सावकाश चालतं, मग बंद पडतं. एसएसडीची साटा केबल जुनी, सैल असेल तर ती आधी बदला. स्वस्तात होणारा उपाय आहे आणि पुष्कळदा लागू पडतो. विंडोजच्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये हँगच्या वेळेच्या आसपास १२९ क्रमांकाची नोंद दिसली, तर डिस्कने वेळेवर उत्तर दिलं नाही असा तिचा अर्थ. ४१ क्रमांकाची ‘कर्नल-पॉवर’ नोंद पाहून लोक एसएमपीएस बदलतात, पण ती फक्त एवढंच सांगते की मशीन नीट बंद न होता बंद झालं. बटण दाबून बंद केलं तरी तीच नोंद होते.

एसएमपीएसवर खरा संशय येतो तो नवं ग्राफिक्स कार्ड घातल्यावर. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, आणि कंपन्यांच्या जुन्या छोट्या मशिनांतले दहा-बारा वर्षं चाललेले एसएमपीएस हा जादा भार पेलतीलच असं नाही. १२ व्होल्टची तार ११.४ च्या खाली जायला नको. मल्टिमीटरने दोन मिनिटांत कळतं. गावाकडच्या विजेचा प्रश्न याला जोडूनच येतो. मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, यूपीएसची बॅटरी म्हातारी असली की त्याच क्षणी मशीन अडकतं. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटला अर्थिंग नाही हे समजा. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे बिनाअर्थिंगच्या कॅबिनेटवर मुख्य पुरवठ्याच्या जवळजवळ निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. त्यात करंट अगदी थोडा असतो, पण प्रिंटर-स्कॅनरची यूएसबी लावता-काढताना तोच बोर्डावर उतरतो. अशा ठिकाणी रॅम बदलून काही होणार नाही, आधी अर्थिंग करून घ्या.

ड्रायव्हर आणि बायॉसचं पाहायचं ते यानंतर. ग्राफिक्सचा ड्रायव्हर मूळ कंपनीच्या साइटवरून घ्या, बोर्डाची बायॉस जुनी असेल तर नवी टाका. नव्या आवृत्त्यांमध्ये रॅमच्या जुळणीच्या दुरुस्त्या असतात. पण रॅमची चाचणी पास झाल्याशिवाय बायॉस टाकायला बसू नका. टाकत असतानाच मशीन थिजलं तर बोर्डच निकामी होऊ शकतो. फॉरमॅटची पाळी आलीच, तर ती सगळ्यांत शेवटी, आणि रॅम, डिस्क, वीज हे तिन्ही तपासून झाल्यावर.

ठाणाकुशनूर असो की कमलनगर, भालकी असो की उदगीर, मशिनमध्ये रॅम वाढवणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. मशीन हँग व्हायला लागलं की त्या दिवसापासून त्यावर हिशेब लिहू नका, बॅकअप घेऊ नका. जुना बॅकअप असेल तर त्यावर नवा चढवू नका. आधी चाचणी करा. रॅम घेताना बिलावर तिचा पूर्ण प्रकार लिहून घ्या आणि चाचणीत नापास झाली तर परत घेण्याचा शब्द आधीच घ्या. आणि काढलेली जुनी पट्टी नवी रॅम महिनाभर नीट चालेपर्यंत विकू नका, कारण दोष नेमका कुठे आहे हे दाखवून द्यायला तीच लागते.